हिरव्या कडेची आग : तारांचा धूर, धातूंची ऑक्साइडं आणि दिवसेंदिवस टिकणारी फ्री रॅडिकल्स

मृद्गंधा (धागाकर्ती)

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे नाला आहे आणि नाल्यापलीकडे भंगाराची तीन दुकानं. संध्याकाळी सातनंतर तिथे तारा जाळतात. वरचं प्लास्टिक जळून गेलं की आतलं तांबं मोकळं होतं आणि ते किलोवर विकलं जातं. गेली चार वर्षं मी हे गच्चीवरून बघते आहे. ठाणे जिल्ह्यातलं शहर आहे, नाव मुद्दाम देत नाही. तक्रार तीनदा केली. एकदा माणूस येऊन गेला, त्या दिवशी आग नव्हती, प्रकरण बंद.

या आगीच्या ज्वाळेला हिरवी-निळी कड असते. मी बावीस वर्षं उत्प्रेरकांवर, म्हणजे कॅटॅलिस्टवर काम केलं. त्यामुळे पहिल्यांदा ती कड दिसली तेव्हा पोटात धस्स झालं. बीएस्सीला बाइलस्टाइनची परीक्षा केलेल्यांना आठवेल : तांब्याची तार तापवायची, तिला पदार्थ लावायचा, पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर पदार्थात क्लोरीनसारखं हॅलोजन आहे. ही परीक्षा १८७२ सालची. आमच्या भिंतीमागे रोज संध्याकाळी तीच परीक्षा चालते, फक्त परीक्षानळीच्या जागी अर्धं पोतं तारा असतात. तारेवरचं प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी, आणि पीव्हीसीच्या वजनात जवळजवळ ५७ टक्के क्लोरीन.

पण आज क्लोरीनबद्दल किंवा डायॉक्सिनबद्दल (क्लोरीन असलेलं काही जळलं की बनणारी अतिविषारी रसायनं) लिहायचं नाहीये, त्यावर पुष्कळ लिहून झालंय. मला लिहायचंय ते धुरातल्या तांब्याबद्दल, आणि आग विझत असताना, धूर निवत असताना त्या तांब्याच्या कणांवर काय घडतं त्याबद्दल. सगळ्यांचं लक्ष ज्वाळेकडे असतं, पण घातक रसायन ज्वाळेच्या पुढे, थंड होणाऱ्या धुरात जन्मतं.

फ्री रॅडिकल म्हणजे ज्याच्यात एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा राहिलाय असा रेणू. इलेक्ट्रॉनला जोडी लागते. ती नसेल तर रेणू समोर येईल त्याच्याकडून इलेक्ट्रॉन ओढतो किंवा त्याच्याशी जुळतो. म्हणूनच बहुतेक रॅडिकल्स क्षणभंगुर असतात. आगीत ती अब्जावधींनी तयार होतात आणि तिथल्या तिथे संपतात. आम्हाला कॉलेजात एवढंच शिकवलं होतं.

धुराच्या कणांवर मात्र अशी रॅडिकल्स सापडतात जी तासन् तास, दिवसेंदिवस, कधी महिनोन् महिने टिकतात. त्यांना पर्यावरणात टिकून राहणारी फ्री रॅडिकल्स म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांनी ईपीएफआर. अमेरिकेत लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या बॅरी डेलिंजर यांच्या गटाने ती कशी बनतात हे टप्प्याटप्प्याने उलगडलं. २००८ साली त्यांनी तांब्याच्या ऑक्साइडवरचं काम छापलं. वाळूसारख्या सिलिकाच्या बारीक पुडीवर ५ टक्के तांब्याचं ऑक्साइड चढवायचं, म्हणजे झाली नकली धुळीची पूड. ती १५० ते ४०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवून तिच्यावरून फिनॉल, कॅटेकॉल, क्लोरोफिनॉल, क्लोरोबेंझीन अशांची वाफ सोडायची, मग थंड करून आत किती बिनजोडीचे इलेक्ट्रॉन राहिले ते मोजायचं. नुसत्या सिलिकावर हे होत नाही, धातूचं ऑक्साइड लागतं.

आता पृष्ठभागावर काय होतं ते सांगते, कारण सगळी गोम तिथे आहे.

धातूच्या ऑक्साइडचा पृष्ठभाग कोरडा दिसला तरी त्याच्यावर हायड्रॉक्सिल गट असतात, हवेतल्या पाण्याने चिकटवलेले. फिनॉलचा रेणू उडत येतो आणि आधी नुसता टेकतो. या टेकण्यात जोर नसतो, तापमान थोडं वाढलं तर तो उडून जाईल. पण दीडशे-दोनशे अंशांपलीकडे फिनॉलचा हायड्रोजन आणि पृष्ठभागाचा हायड्रॉक्सिल मिळून पाणी होऊन निघून जातात (क्लोरोबेंझीन असेल तर हायड्रोजन क्लोराइड निघतं). आता फिनॉलचा ऑक्सिजन थेट तांब्याला बांधला गेला. हे खरं रासायनिक बंधन. यानंतर तांबं त्या रेणूकडून एक इलेक्ट्रॉन ओढून घेतं. क्युप्रिक तांब्याचं क्युप्रस तांबं होतं आणि रेणूच्या पदरी एक बिनजोडीचा इलेक्ट्रॉन उरतो. रॅडिकल तयार झालं, आणि तयार होताना ते पृष्ठभागाला बांधलेलंच आहे.

ते टिकतं कशाने, याला दोन कारणं. एक, तो इलेक्ट्रॉन एका जागी बसत नाही, बेंझीनच्या कड्यावर पसरतो, त्यामुळे त्याचा आक्रमकपणा कमी होतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं : रॅडिकल मरतं ते बहुधा दुसऱ्या रॅडिकलशी गाठ पडून. हे गोचिडासारखं एका जागी चिकटलेलं, शेजारचंही तसंच चिकटलेलं. गाठ पडायची कशी?

हे घडायला तीन गोष्टी एकत्र लागतात : अर्धवट जळलेले सेंद्रिय पदार्थ, धातूचं ऑक्साइड आणि निवणारा धूर. आमच्या भिंतीमागे तिन्ही आहेत. तुमच्या आसपास काय दिसतं तेही लिहा.

शंकासुर

मृद्गंधाताई, लेख आवडला, पण प्रश्न विचारतो. मायक्रोप्लास्टिक झालं, नॉनस्टिक झालं, आता हे. दर दोन वर्षांनी एक नवं भूत येतं. पीएम २.५, म्हणजे हवेतले अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, वाईट आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. मग त्या कणावर रॅडिकल आहे की नाही याने माझ्यासारख्या सामान्य माणसाला काय फरक पडतो? धूर वाईट, धूर टाळा, संपलं.

मृद्गंधा

शंकासुर, प्रश्न अगदी रास्त आहे. फरक मोजणीत पडतो. आपल्याकडे २००९ पासून लागू असलेल्या राष्ट्रीय मानकात पीएम २.५ ची मर्यादा २४ तासांसाठी घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आणि वर्षाच्या सरासरीला ४० आहे. मोजलं जातं ते वजन. समुद्रावरून आलेल्या मिठाचा कण आणि तार जाळल्याचा कण वजनाने सारखे असतील तर यंत्राला दोन्ही सारखेच. फुप्फुसाला नाहीत. त्या मानकात बारा प्रदूषकं आहेत, पण कणावरची रॅडिकल्स त्यांत नाहीत.

शिवाय 'धूर टाळा' कुणाला सांगायचं? तार जाळणाऱ्या पोराला?

एमएस्सी_भाग२

मॅडम, मी पुण्यात भौतिक रसायनशास्त्राला आहे. ही रॅडिकल्स मोजतात ते ईएसआरने (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स) ना? आमच्या अभ्यासक्रमात ते एका तासात उरकलं. धूळ सरळ तशीच आत ठेवतात का?

मृद्गंधा

हो, तशीच. हीच तर त्या यंत्राची खुबी आहे. धुळीचा फिल्टर गुंडाळून काचेच्या (खरं तर क्वार्ट्झच्या) नळीत सारायचा. नळी मोठ्या चुंबकाच्या दोन तोंडांमध्ये, आणि तिच्यावर मायक्रोवेव्ह, साधारण साडेनऊ गिगाहर्ट्झ. चुंबकाचं क्षेत्र हळूहळू वाढवत न्यायचं. ३,४०० गॉसच्या आसपास बिनजोडीचे इलेक्ट्रॉन मायक्रोवेव्ह शोषतात आणि कागदावर एक वरखाली वळण येतं. जोडीतले इलेक्ट्रॉन या सगळ्याला दाद देत नाहीत. म्हणून ढीगभर राखेतूनही फक्त एकट्या इलेक्ट्रॉनची हजेरी लागते. झावोयस्कीने हे कझानमध्ये १९४४ साली शोधलं, महायुद्ध चालू असताना. मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

वळण कुठे येतं त्यावरून 'जी' मूल्य काढतात. मोकळ्या इलेक्ट्रॉनचं २.००२३. कार्बनवर बसलेला इलेक्ट्रॉन असेल तर मूल्य त्याच्या जवळ, २.००३ च्या आत. ऑक्सिजनकडे झुकलेला, म्हणजे फिनॉक्सिल किंवा सेमीक्विनोन, असेल तर २.००४ च्या वर. म्हणजे नुसती संख्याच नव्हे, रॅडिकलची जातकुळीही कळते. हवेतल्या धुळीत एका ग्रॅममागे १० चा १६ वा ते १८ वा घात इतके एकटे इलेक्ट्रॉन मिळालेले आहेत.

मुंबईत आयआयटीच्या सैफ या उपकरण केंद्रात ईएसआर यंत्र आहे आणि बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नमुनेही घेतात. प्रकल्पासाठी विषय शोधत असशील तर तुझ्या गाईडशी बोल. शेकोटीची राख, सिगारेटचं डांबर, चुलीवरची काजळी, तिन्ही नळीत घाल आणि बघ.

एमएस्सी_भाग२

गाईड सरांना उद्याच विचारतो. अजून एक : तांब्यावरची रॅडिकल्स जास्तीत जास्त किती टिकतात? एका ठिकाणी 'तासाभरात नष्ट' वाचलं, दुसरीकडे 'महिने'.

मृद्गंधा

दोन्ही बरोबर, कारण धातू वेगळे. त्याच गटाने पुढच्या तीन-चार वर्षांत लोह, निकेल आणि जस्त यांच्या ऑक्साइडवर तेच प्रयोग केले. कोणत्या वाफेपासून रॅडिकल बनलं त्यानुसार आकडे बदलतात, पण साधारण असे :

तांबं, अर्ध्या तासापासून सव्वा तासापर्यंत. लोह, एक दिवस ते साडेचार दिवस. निकेल, दीड ते पाच दिवस. जस्त, तीन दिवसांपासून थेट ७३ दिवसांपर्यंत.

'नष्ट' म्हणू नकोस. हा आकडा म्हणजे रॅडिकलचा साठा मूळच्या सुमारे ३७ टक्क्यांवर यायला लागणारा वेळ. त्यानंतरही उरतातच.

जस्ताचं एवढं का, यावर मी बराच विचार केला. तांबं इलेक्ट्रॉन ओढण्यात हावरं. त्यामुळे ते रॅडिकल तयारही झटपट करतं आणि तयार झालेल्याला पुढे ओरबाडून मोडूनही टाकतं. जस्त तसं नाही, ते रॅडिकलला हात न लावता नुसतं धरून ठेवतं.

आणि जस्ताचं ऑक्साइड जळताना कुठून येतं माहीत आहे? टायरमधून. रबर पक्कं करताना ते घालावंच लागतं, टायरच्या वजनात साधारण एक-दोन टक्के. थंडीत रात्रपाळीचे वॉचमन शेकोटीत टायरचे तुकडे टाकतात, कारण ते लवकर विझत नाहीत. कृपा करून आपापल्या सोसायटीत त्यांना सुकं लाकूड आणि एक जाडसर स्वेटर द्या.

भट्टीवाला

मी वैद्यकीय कचऱ्याच्या सामायिक प्रक्रिया केंद्रात शिफ्ट इन्चार्ज आहे. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आमच्याकडे २०१६ च्या नियमांप्रमाणे दुसऱ्या चेंबरचं तापमान १०५० अधिक-उणे ५० आणि वायू तिथे निदान दोन सेकंद राहिला पाहिजे. ऑडिटला येणारे सगळे याच आकड्याकडे बघतात. पॅनेलवर १०५० दिसलं की खूश. मी नवा होतो तेव्हा मलाही वाटायचं की हजार अंशांत काय शिल्लक राहणार.

मला शिकवलं ते आमच्या जुन्या फोरमनने. तो म्हणायचा, "भट्टी बघू नकोस, भट्टीनंतरचा पाइप बघ." वायू हजारावरून खाली येताना चारशे ते दोनशेच्या पट्ट्यात जितका रेंगाळेल तितकं वाईट. म्हणून क्वेंच. पाण्याचे फवारे मारून क्षणात खाली आणायचं. फवाऱ्याची दोन-तीन नॉझल क्षाराने चोंदली की वायू त्या पट्ट्यात जास्त वेळ राहतो आणि पॅनेलवर काही दिसत नाही. डक्टच्या आतल्या भिंतीवर राख बसते, ती तर तिथेच महिनाभर असते. ती खरवडणं हे सगळ्यात नावडतं काम, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं.

आम्ही हे डायॉक्सिनसाठी करतो. मृद्गंधाताईंनी सांगितलेला १५० ते ४०० चा पट्टा बघून चमकलो. तोच पट्टा!

मृद्गंधा

भट्टीवालादादा, तुमच्या फोरमनला माझा नमस्कार सांगा. हा योगायोग नाही, दोन्हींचं मूळ एकच आहे.

कचऱ्याच्या भट्टीच्या राखेत डायॉक्सिन असतं हे ओली आणि सहकाऱ्यांनी अॅमस्टरडॅममध्ये १९७७ साली दाखवलं. इटलीत सेवेसोला रसायन कारखान्यातून डायॉक्सिन हवेत पसरलं तो अपघात त्याच्या आदल्या वर्षीचा, जुलै १९७६ चा. तेव्हा लोक चक्रावले, कारण भट्टीच्या तापमानाला डायॉक्सिन मोडायला हवं. मोडतंच. पुढे निवताना उडत्या राखेवर, तांब्याच्या संगतीने, नव्याने तयार होतं.

त्या तयार होण्याचा एक मार्ग या रॅडिकलमधूनच जातो. क्लोरोफिनॉलपासून पृष्ठभागावर बांधलेलं फिनॉक्सिल रॅडिकल बनतं, तशी दोन शेजारी आली आणि पृष्ठभागावरच जुळली की डायबेन्झोफ्युरॅन, म्हणजे डायॉक्सिनचं भावंड. एक बांधलेलं आणि दुसरा रेणू वरून वायूतून येऊन त्याला भिडला की डायॉक्सिन. म्हणजे रॅडिकल ही मधली पायरी. पुरेसा वेळ आणि ऊब मिळाली तर ती पायरी ओलांडून डायॉक्सिन होतं. धूर त्याआधीच निवला तर रॅडिकल तिथेच थिजतं आणि कणावर बसून हवेत निघतं.

तुमच्या क्वेंचमुळे डायॉक्सिन कमी होतं हे नक्की, आणि वायू त्या पट्ट्यात कमी रेंगाळला तर रॅडिकलला बनायलाही वेळ कमी मिळतो. मागे बॅग फिल्टर आणि स्क्रबर नीट असले की कण अडतात. तुमच्याकडे हे सगळं आहे. नाल्यापलीकडे फक्त काडेपेटी आहे.

मिसिसिपीकाठी

लुइझियानाचं नाव आलं म्हणून लिहितो. मी बॅटन रूजमध्ये अकरा वर्षं आहे. तिथून न्यू ऑर्लिन्सपर्यंत नदीच्या दोन्ही काठांना साधारण ८५ मैल तेल आणि रसायनांचे कारखाने आहेत. इथले लोक त्या पट्ट्याला 'कॅन्सर अॅली' म्हणतात. विद्यापीठाच्या आवारातून रात्री चिमण्यांच्या ज्योती दिसतात. हा विषय इथेच का वाढला, ते इथे राहिलं की कळतं. त्याआधी याच विद्यापीठात विल्यम प्रायर यांनी सिगारेटच्या डांबरातल्या टिकाऊ रॅडिकल्सवर अनेक वर्षं काम केलं होतं. म्हणजे जमीन आधी नांगरलेली होती.

आपल्या लोकांपैकी इथे प्लांटमध्ये काम करणारे पुष्कळ आहेत. दर उन्हाळ्यात आईवडील येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "इथे कसला वास येतो रे?" मी इतकी वर्षं काही नाही म्हणून सांगत आलो.

मृद्गंधा

प्रायर यांचा उल्लेख केलात ते बरं झालं, ओळ त्यांच्याही मागे जाते. कोळशात आणि काजळीत फ्री रॅडिकल्स आहेत हे १९५० च्या दशकातच ब्रिटनमध्ये दिसलं होतं आणि सिगारेटच्या धुराबद्दल १९५८ साली 'नेचर'मध्ये आलं होतं. मुळात सेंद्रिय फ्री रॅडिकल असू शकतं हेच मोझेस गोम्बर्ग यांनी १९०० साली मिशिगनमध्ये दाखवलं, तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. त्यांचं रॅडिकल टिकलं कारण त्या एकट्या इलेक्ट्रॉनभोवती बेंझीनची तीन कडी पहारा देत होती. धुरातलं टिकतं कारण धातूने त्याला धरून ठेवलंय.

श्वासवेध

मी छातीरोगतज्ज्ञ आहे. शंकासुर यांच्या 'काय फरक पडतो' या प्रश्नाला माझ्या बाजूने उत्तर देतो.

बांधलेलं रॅडिकल कणावर शांत बसलेलं असतं. कण फुप्फुसाच्या ओल्या अस्तरावर उतरला की चित्र बदलतं. ते रॅडिकल ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देतं, त्यातून सुपरऑक्साइड, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि कणावरचं तांबं किंवा लोह त्या पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल रॅडिकल बनवतं. या शेवटच्या पायरीला फेंटन अभिक्रिया म्हणतात, लोह आणि पेरॉक्साइडची ही जोडी फेंटन यांनी १८९४ सालीच नोंदवली होती. हायड्रॉक्सिल हे शरीरातलं सगळ्यात आक्रमक रॅडिकल, ज्या जागी बनतं तिथेच समोरच्या प्रथिनावर, पेशीच्या आवरणावर, डीएनएवर तुटून पडतं. विशेष हे की धातू एकदा वापरून संपत नाही. इलेक्ट्रॉन देत-घेत चक्र फिरत राहतं. एका कणातून पुन्हा पुन्हा हायड्रॉक्सिल निघतं. आपल्या पेशींकडे ग्लुटाथायोनसारखा बचाव असतो, पण तो खर्च होत जातो.

प्राण्यांवरचे प्रयोग झालेत. २०१४ साली नवजात उंदरांना अशा रॅडिकलयुक्त कणांत ठेवून नंतर इन्फ्लुएंझाचा संसर्ग दिला, तर आजार तीव्र झाला आणि जास्त पिल्लं दगावली. मोठ्या उंदरांमध्ये हृदयाच्या डाव्या कप्प्याचं काम मंदावलेलं दिसलं. माणसांवर असा प्रयोग कुणी करणार नाही, करूही नये. माझ्याकडे भंगार गल्लीतून येणाऱ्या मुलांच्या छातीतली न थांबणारी शिट्टी मी ऐकतो. त्यातला किती वाटा रॅडिकलचा आणि किती आम्लाच्या वाफेचा हे स्टेथोस्कोप वेगळं करून सांगत नाही. पण त्या आईला 'अॅलर्जी आहे' एवढंच सांगून पाठवायचं मी बंद केलंय. घरामागे काय जळतं ते विचारतो आणि केसपेपरवर लिहितो.

काजूची_बी

वेंगुर्ल्याजवळून. आमच्याकडे तारा नाहीत, पण काजूची टरफलं आहेत. छोट्या कारखान्यांत बी भाजायला, उकडायला टरफलंच जळणात घालतात. तो धूर डोळ्यांत गेला तर दिवसभर आग होते, बायकांच्या हातांची सालं निघतात ती टरफलाच्या तेलाने. त्या तेलात फिनॉलच असतात असं ऐकलंय. मग आमचं काय?

मृद्गंधा

बरोबर ऐकलंत. टरफलाच्या तेलात अॅनाकार्डिक आम्ल, कार्डोल, कार्डानॉल, सगळी फिनॉलचीच भावंडं. साध्या लाकडातही लिग्निन असतं आणि ते तापून मोडलं की ग्वायाकॉल, कॅटेकॉल सुटतात. म्हणजे कच्चा माल तुमच्याकडे भरपूर आहे. धातू तेवढा नाही, लाकडाच्या राखेत पोटॅशियम-कॅल्शियम जास्त आणि तांबं नगण्य. पण जुनी रंगवलेली चौकट, पत्र्याचे तुकडे, प्लास्टिकच्या पिशव्या त्याच भट्टीत गेल्या तर हिशोब बदलतो. भट्टीत फक्त टरफलं आणि सुकं लाकूड, आणि वर उंच, नीट ओढ असलेली चिमणी, एवढं तरी मालकाकडून मागून घ्या. हातांना खोबरेल लावून काम करायची तुमच्याकडची पद्धत चांगलीच आहे, ती सोडू नका.

चंद्रपूरकर

आमच्याकडं तर २,९२० मेगावॅटचं वीज केंद्र आहे आणि राखेत लोह. म्हणजे आम्ही सगळ्यात पुढं का?

मृद्गंधा

या एका बाबतीत नाही. मोठ्या बॉयलरमध्ये कोळसा इतका तापतो की फिनॉलसारखे पदार्थ बहुतेक जळून जातात. धातू आहे पण चिकटायला कुणी नाही. उडत्या राखेचे आणि गंधकाचे त्रास वेगळे आहेत आणि ते खरे आहेत. मला जास्त काळजी वाटते ती वस्तीतल्या कोळशाच्या सिगडीची. कमी ऊब, अर्धवट ज्वलन, राखेत लोह, बंद खोली. चीनच्या युनान प्रांतात शुआनवेई नावाचा भाग आहे. तिथे घरात धुरकट कोळसा जाळत. सिगारेट न ओढणाऱ्या बायकांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण तिथे जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी आहे. चिमणी बसवल्यावर ते कमी झालं.

चंद्रपूरकर

आमच्या मागच्या वस्तीत अजूनही सिगड्या पेटतात ताई. पहाटे बाहेर पेटवतात, धूर गेला की आत घेतात. एवढं तरी करतात बिचाऱ्या. अजून एक विचारू का? पऱ्हाटीपासून बायोचार करा म्हणून शिबिरं होऊन राहिली. तो पण कोळसाच ना?

मृद्गंधा

हो, आणि त्यातही ही रॅडिकल्स सापडतात. २०१४ मध्ये मका, गहू आणि भाताच्या बियांवर प्रयोग झाला, रॅडिकल्स जास्त असलेल्या बायोचारने उगवण आणि रोपाची वाढ खुंटली. दुसरीकडे याच रॅडिकल्सचा उपयोग करून पाण्यातली प्रदूषकं मोडायचं कामही चालू आहे. बायोचार वाईट असं मी म्हणणार नाही. ताजा ढीग थेट पेरणीच्या ओळीत घालू नका, शेणखतात मुरवून मग टाका. तापमान किती ठेवलं होतं हे शिबिरवाल्यांना जरूर विचारा.

कष्टकरी

मी कचरावेचकांसोबत काम करतो. इथं जे बोलणं चाललंय ते महत्त्वाचं आहे, पण आग कोण लावतो तेही ऐका.

जाळणारा बहुतेक वेळा दुकानदार नसतो. रोजंदारीवरचा पोरगा असतो, सोळा-सतराचा. त्याला किलोमागे पैसे मिळतात. जाड तार सुरीने सोलता येते, पण वेळ लागतो. बारीक तार, चार्जरची, इअरफोनची, ती सोलणं शक्यच नाही. म्हणून जाळतो. हा पोरगा धुराच्या वाऱ्याखालीच उभा असतो, कारण जळणाऱ्या तारा काठीने ढवळत राहाव्या लागतात. तुम्ही गच्चीवर आहात, तो दोन हातांवर आहे.

पोलीस, दंड यांनी काय होतं ते सांगतो. उघड्यावर कचरा जाळायला हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच बंदी घातली आहे, पाच हजार रुपये दंड, मोठ्या प्रमाणात असेल तर पंचवीस हजार. दंड झाला की आग बंद होत नाही, रात्री दोनला लागते.

चालतं ते एकच, भाव. जळलेलं तांबं काळं पडतं, त्याला व्यापारी कमी भाव देतो. सोललेलं लखलखीत तांबं वरच्या भावाने जातं. सोलायचं छोटं मशीन येतं, विजेचं किंवा हाताने फिरवायचं. ज्या गल्लीत दोघातिघांनी मिळून ते घेतलं, तिथं जाड तारेचं जाळणं आपोआप थांबलं. कुणी उपदेश केला नव्हता.

शंकासुर

कष्टकरी, या प्रतिसादाने माझा पहिला प्रतिसाद मला अपुरा वाटू लागलाय. 'धूर टाळा' हे त्या पोराला लागू नाही. मशीनला साधारण किती लागतील? मी आणि माझे दोन मित्र मिळून एक देऊ शकतो.

एक शंका मृद्गंधाताईंना. तोपर्यंत त्याला मास्क दिला तर?

मृद्गंधा

शंकासुर, मनापासून धन्यवाद.

मास्क उपयोगी आहे, कारण ही रॅडिकल्स कणावर बसलेली असतात आणि नीट बसलेला एन-९५ निदान ९५ टक्के कण अडवतो. पण हायड्रोजन क्लोराइडची वाफ त्यातून आरपार जाते, घसा जळतो तो तिनेच. कापडी रुमालाचा जवळजवळ उपयोग नाही. जळल्यावर उरलेली राख सुकी झाडू नये. ओली करून गोळा करावी आणि नाल्यात ढकलू नये.

श्वासवेध

आणि त्या पोराला माझ्याकडे पाठवा. फी नाही. एकदा फुंकून बघायची चाचणी करून ठेवू, म्हणजे सहा महिन्यांनी तुलना करता येईल.

मृद्गंधा (सात आठवड्यांनंतर)

धागा वर काढते आहे, कारण सांगण्यासारखं काही आहे.

कष्टकरी एका रविवारी आमच्याकडे आले आणि आम्ही दोघं नाला ओलांडून पलीकडे गेलो. चार वर्षांत मी पहिल्यांदा तिकडे गेले, हे लिहिताना मला वाईट वाटतं. तिन्ही दुकानदार बोलले. दोघांनी सोलायचं मशीन घ्यायला होकार दिला. एक शंकासुर आणि मित्रांनी दिलं, दुसरं दुकानदाराने स्वतः घेतलं. ढवळणारा मुलगा सतरा वर्षांचा आहे, आता मशीन तोच चालवतो. डॉक्टरांकडे जाऊन आला. त्याच्या चाचणीचं इथे लिहीत नाही.

तिसऱ्या दुकानात फक्त बारीक तार येते. तिथली आग चालू आहे. काल रात्रीही हिरवी कड दिसली. आधी रोज दिसायची, आता आठवड्यातून दोनदा.

एमएस्सी_भाग२ याने टायरच्या शेकोटीची राख, चुलीची काजळी आणि आमच्या नाल्याकाठची राख असे तीन नमुने नेलेत. तारीख मिळाली आहे.

एमएस्सी_भाग२

मॅडम, तारीख पुढच्या महिन्यातली आहे. सरांनी एक अट घातली : प्रत्येक नमुना गोळा केल्याची वेळ मिनिटापर्यंत लिहायची आणि मोजणी दर आठवड्याला परत करायची. नाल्याकाठच्या राखेचे मी दोन भाग केलेत, एक बंद नळीत, एक हवेत उघडा.

भट्टीवाला

बारीक तारेसाठी ग्रॅन्युलेटर असतो. तार कापून चुरा करायचा आणि हवेच्या झोताने हलकं प्लास्टिक एका बाजूला, जड तांबं दुसऱ्या बाजूला. आमच्या एमआयडीसीत एकाकडे आहे, पण त्याला एकरकमी माल लागतो. पोतंभर तारेसाठी तो मशीन सुरू करत नाही.

कष्टकरी

आपल्या तिसऱ्या दुकानातून महिन्याला किती पोती निघतात ते मी विचारून येतो. शेजारच्या दोन गल्ल्यांतून मिळून एक टेम्पो भरत असेल तर भट्टीवालादादा, तुम्ही त्या माणसाशी माझी गाठ घालून द्या. गुरुवारी संध्याकाळी मी मोकळा आहे.

भट्टीवाला

गुरुवारी माझी पहिली पाळी आहे, तीनला सुटतो. साडेचारला गेटवर या.